एफ३० ला १८ इंची चाकं: मागे रुंद घ्यावीत की चारी सारखी?

वळणवाट (प्रश्न)

मंडळी, माझी बीएमडब्ल्यू ३२०डी आहे, एफ३० पिढीतली, रिअर-व्हील ड्राइव्ह (ताकद मागच्या चाकांना). सध्या कंपनीच्याच १७ इंची अलॉयवर आहे: ७.५जे (रिमची रुंदी, इंचांत), ऑफसेट ३७ (रिमच्या मध्यापासून हबवर, म्हणजे चाक जिथे बोल्टनं बसतं तिथे, टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिमीत), चारी टायर २२५/५० आर१७ (पहिला आकडा रुंदी, मिमीत). टायर संपत आलेत. नवे घ्यायचेच आहेत, तर याच वेळी १८ इंचावर जावं असं मनात आहे.

समोर तीन पर्याय आहेत.

पहिला, एम स्पोर्ट या स्पोर्टी आवृत्तीला कंपनीतून येणारा स्टॅगर्ड, म्हणजे मागे रुंद असलेला सेट: पुढे ८जे, ऑफसेट ३४, २२५/४५ आर१८ आणि मागे ८.५जे, ऑफसेट ४७, २५५/४० आर१८.

दुसरा, चारी चाकं ८जे, ऑफसेट ३४ आणि चारी टायर २२५/४५.

तिसरा, एका विक्रेत्याकडचा बाहेरचा सेट: पुढे ८जे, ऑफसेट ३४ वर २२५/४०, मागे ९.५जे, ऑफसेट ३५ वर २५५/४०. दिसायला हा सगळ्यात भारी. विक्रेता म्हणतो, "दोन्हीकडे ४० आहे, म्हणजे उंची सारखीच, डोळे झाकून घ्या."

गाडी रोज चालते, पावसातही. सुट्टीच्या दिवशी वळणांचा रस्ता गाठतो, कारण ही गाडी घेतलीच त्यासाठी. ट्रॅकवर नेत नाही. इंजिनचा टॉर्क ३८० न्यूटन-मीटर आहे, मग मागे रुंद टायर हवेतच, असं दोघा-तिघांनी सांगितलं. खरंच हवेत का? की हे फक्त दिसण्यासाठी?

सुसाट_सेदान

भावा, पहिला पर्याय घे आणि मोकळा हो. माझ्या एफ३० वर तोच आहे. मागून बघितलं की गाडी कशी जमिनीला धरून बसल्यासारखी वाटते. कंपनीनंच दिलेलं माप आहे, काही घासत नाही, काही कापायला लागत नाही. चारी सारखे टायर घातलेस तर १८ इंची करूनही मागचा भाग रिकामा दिसेल.

नटबोल्ट

वळणवाट, तिसरा सेट आधी बाजूला ठेवा. का ते आकड्यांतच बघू, म्हणजे पुढे कुठलाही सेट समोर आला तरी तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

टायरवरचा ४० म्हणजे मिलिमीटर नव्हे, तो रुंदीचा टक्का आहे. २२५ चे ४० टक्के म्हणजे ९० मिमी, २५५ चे ४० टक्के म्हणजे १०२ मिमी. वर-खाली दोन्हीकडची भिंत धरा आणि १८ इंचाचे ४५७.२ मिमी मिळवा. पुढचा टायर ६३७.२ मिमी होतो, मागचा ६६१.२. फरक २४ मिमी, म्हणजे जवळपास पावणेचार टक्के. दर किलोमीटरला पुढचं चाक मागच्यापेक्षा सुमारे १८ फेरे जास्त मारणार. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चारी चाकांचा वेग एकमेकांशी ताडून बघत असतात. सरळ रस्त्यावरही पुढची चाकं कायम जास्त वेगानं फिरताना दिसली तर त्या यंत्रणेचा हिशोबच बिघडतो. कुणाची एक्सड्राइव्ह (चारी चाकांना ताकद देणारी बीएमडब्ल्यू) असेल तर आणखी वाईट, कारण पुढच्या-मागच्या चाकांतला फरक, ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधल्या क्लचला सतत घसरून भरून काढावा लागतो.

आता कंपनीचं माप बघा. २२५/४५ चा व्यास ६५९.७, २५५/४० चा ६६१.२. फरक दीड मिलिमीटर! टक्का उतरवून रुंदी वाढवण्याचं कारण हेच. तुमचा सध्याचा २२५/५० आर१७ आहे ६५६.८, म्हणजे स्पीडोमीटरलाही फारसा फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट ऑफसेटची, आणि इथेच लोक जास्त फसतात. रिमची अर्धी रुंदी घ्या आणि त्यातून ऑफसेट वजा करा. हबच्या टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिम किती बाहेर येते ते कळतं. कंपनीची मागची ८.५जे, ऑफसेट ४७: बाहेर ६१ मिमी, आत १५५. विक्रेत्याची ९.५जे, ऑफसेट ३५: बाहेर ८५.७, आत १५५.७. म्हणजे रुंदीतला तो वाढीव इंच सगळाच्या सगळा बाहेरच्या बाजूला गेला. एफ३० ची मागची आर्च (चाकावरची पत्र्याची कमान) तेवढी मोकळी नसते. मागे तिघं बसले, डिकी भरली आणि खड्डा आला की टायरचा खांदा आर्चच्या कडेला लागण्याची दाट शक्यता. मग आर्च आत वळवा नाहीतर कॅम्बर (चाकाचा वरून आत असलेला कल) वाढवा, आणि कॅम्बर वाढवला की टायर आतल्या कडेनं झिजणार. रोजच्या गाडीला हे सगळं कशाला?

आता तुमचा खरा प्रश्न. मागे रुंद हवेतच का?

३२०डी एम स्पोर्टला पुढे २२५, मागे २५५, म्हणजे ३० मिमीचा फरक. त्याच पिढीच्या एफ८० एम३ ला पुढे २५५, मागे २७५, फरक २० मिमी. तुमच्या गाडीची ताकद १८४ पीएस (अश्वशक्ती), एम३ ची ४३१. ताकद मागच्या चाकांना पेलवावी एवढाच हेतू असता तर हे आकडे उलटे असते. एम३ मध्ये पुढचा टायर मुद्दाम रुंद ठेवलाय, कारण तिथे पुढची पकडही हवी आहे. तुमच्या गाडीत पुढचा २२५ वरच थांबवलाय.

वळणात टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याहून किंचित वेगळ्या दिशेला सरकत असतो, त्याला स्लिप अँगल म्हणतात. मागे रुंद टायर असला की बाजूचा तेवढाच जोर धरायला त्याला कमी स्लिप अँगल पुरतो. पुढचा अरुंद राहिला, तर मर्यादेजवळ आधी पुढची चाकं सुटतात आणि गाडी नाक वळणाच्या बाहेर काढते. साधारण चालकाला हे सुरक्षित, कारण घाबरून पाय उचलला की गाडी बऱ्याचदा परत रेषेवर येते. शेपूट सुटली तर ती सावरणं सगळ्यांना जमत नाही. कंपनी हा विचार करते आणि तो योग्यच आहे.

पण एफ३० चं वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं आहे. अशा गाडीला चारी सारखे टायर घातले की स्टीअरिंग वळवल्यावर मागचा भाग सोबत येतो. टोयोटा जीटी८६ बघा, रिअर-व्हील ड्राइव्ह, तरी चारी २१५/४५ आर१७. माझदा एमएक्स-५ च्या एनडी पिढीला चारी २०५/४५ आर१७. आणि ऑडीची आरएस३, ८वाय पिढी, तिला तर काही मापांत पुढे २६५ आणि मागे २४५ येतात, कारण तिचं वजन नाकावर आहे. रुंदी कुठे द्यायची हे त्या गाडीच्या वजनावरून आणि तिला कसं वळवायचंय त्यावरून ठरतं.

वळणासाठी गाडी घेतली असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून माझं मत दुसऱ्या पर्यायाला.

वळणवाट

नटबोल्ट, मनापासून आभार. एम३ आणि ३२०डी ची तुलना कुणीच केली नव्हती. दोन शंका. एक, पावसात पहिल्या-दुसऱ्या गिअरला मागची चाकं फिरतात, चारी २२५ केले तर ते वाढेल का? दोन, मागे ऑफसेट ३४ चालेल का? कंपनीचा मागे ४७ आहे.

नटबोल्ट

सध्याही मागे २२५ च आहेत, म्हणजे वाढायचं काही कारण नाही. ओल्या रस्त्यावर चाक फिरतं त्यात रुंदीपेक्षा रबराचा आणि उरलेल्या खाचांचा वाटा मोठा. संपत आलेले टायर बदललेत की तुमचं तुम्हालाच जाणवेल. साचलेल्या पाण्यात तर रुंद टायर उलट लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं.

ऑफसेटचं: मागे ८जे, ३४ म्हणजे बाहेर ६७.६ मिमी. सध्याच्यापेक्षा साधारण ९ मिमी बाहेर, एम स्पोर्टच्या मागच्या रिमपेक्षा साडेसहा. पण टायर २५५ ऐवजी २२५ आहे, त्यामुळे टायरची बाहेरची भिंत एम स्पोर्टच्या २५५ पेक्षा बाहेर जात नाही. सुसाटला मागचा भाग रिकामा दिसण्याची काळजी होती, ती या नऊ मिलिमीटरनं बरीचशी मिटते. दिसण्याची हौस ऑफसेटवर भागवा, टायरच्या रुंदीवर नको.

तरी बसवल्यावर एकदा तपासा. आर्चच्या आतल्या काळ्या प्लास्टिकवर आणि पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर पांढऱ्या खडूनं आडव्या रेघा ओढा. मागच्या सीटवर माणसं बसवा, डिकीत वजन टाका, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा आणि एखाद्या गतिरोधकावरून तिरकी गाडी काढा. जिथे टायर लागतो तिथे खडू पुसलेला दिसतो. रेघ शाबूत असेल तर निर्धास्त राहा.

रिम विकत घेताना बोल्टचं वर्तुळ ५x१२० (पाच बोल्ट, १२० मिमीचं वर्तुळ) आणि मधलं भोक ७२.६ मिमी आहे ना, ते स्वतः मोजा. जी२० (एफ३० नंतरची पिढी) ची चाकं दिसायला तशीच असतात, पण ती ५x११२ ची. तुमच्या हबला बसत नाहीत.

स्पॅनर_आणि_चहा

वर सगळं आलंय, फक्त झिजेचं राहिलं. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये मागचे टायर लवकर उतरतात. चारी सारखे असले की पुढे-मागे अदलाबदल करून चारी एकत्र संपवता येतात. स्टॅगर्डमध्ये ती सोय नाही. मागची जोडी आधी बदलावी लागते. बाणाच्या खुणेचे म्हणजे डायरेक्शनल टायर घेतले तर डावा-उजवाही करता येत नाही, रिमवरून उतरवल्याशिवाय. स्टॅगर्डच घ्यायचे ठरवले तर असिमेट्रिक (आत-बाहेर वेगळ्या) नक्षीचे बघा, ते निदान डावी-उजवीकडे फिरतात.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, तोही बघा. २२५/४५ आर१८ मध्ये ९१ चा टायर ६१५ किलो पेलतो, ९५ एक्सएल (जास्त भाराचा) ६९०. तुमच्या गाडीला दोन्ही चालतील, पण चारी एकच घ्या. सध्या रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं चालणारे) असतील आणि साधे टायर घालणार असाल तर पंक्चर किट आणि छोटा पंप डिकीत ठेवायला विसरू नका.

सुसाट_सेदान

आर्चमधल्या नऊ मिलिमीटरचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वळणवाट, बसवलेस की मागून काढलेला फोटो टाक, मला खरंच बघायचंय.

वळणवाट

ठरलं, चारी ८जे, ऑफसेट ३४ आणि २२५/४५, असिमेट्रिक. रिम बघायला जाताना कॅलिपर बरोबर नेतो. हवा किती ठेवायची?

नटबोल्ट

चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा, तिथे प्रत्येक मापासाठी पुढचा-मागचा दाब वेगळा दिलाय. थंड टायरमध्ये भरा. बोल्ट १४० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचनंच, आणि थोडं चालवल्यावर परत एकदा तपासा. अलाइनमेंट त्यानंतर.