मदत हवी आहे: घरून काम बंद, एचआरशी कसं बोलू?
नमस्कार मंडळी. 2020 च्या लॉकडाऊनपासून साताऱ्याहून डेटाबेसचं काम करतोय. रात्री दोनला सर्व्हर बसला तर उठवतो मीच. आता नवे मॅनेजर म्हणतात, आठवड्यातून 3 दिवस हिंजवडीला या, कार्ड स्वाइप मोजणार. टीम्स ॲपवरचा, कामावर असल्याचा हिरवा ठिपका पिवळा झाला की लगेच ‘कुठे आहात?’ परवा तर चहा गाळत होतो! बाकी टीम बंगळूर-चेन्नईत, म्हणजे ऑफिसात बसूनही कॉलच करायचे. पण ऑफर लेटरवर बेस लोकेशन पुणे आहे, घरून कामाचं लेखी काहीच नाही, नोटीस पिरियड 90 दिवसांचा. अशी लेखी सूट कुणी मिळवली आहे का? मेलमध्ये काय मांडलंत? की दुसरी ऑफर हातात आल्यावरच तोंड उघडावं?