पातळ पेज आणि न वाढणारं वजन

प्रश्न असा आहे की मेळघाटात सहा महिन्यांनंतर वरचं अन्न वेळेवर सुरू करूनही बाळाचं वजन का वाढत नाही. आधी वाटीत काय आहे ते बघा. बहुतेकदा डाळीवरचं पाणी नाहीतर भाताची पातळ पेज असते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम 200 मिली मावतं. ते पाण्यानेच भरलं तर वजन वाढणार कशाने?

चमचा तिरका केला की अन्न लगेच ओघळता कामा नये. पण नाचणीची पेज जास्त घट्ट झाली की बाळ गिळत नाही, मग आई पुन्हा पाणी ओतते. इथे मोडाच्या नाचणीचं पीठ कामी येतं. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, उन्हात वाळवा, अगदी हलकी भाजून दळा. खमंग भाजलीत तर मोडांमुळे आलेला, पेज सैल करण्याचा गुण जातो. गरम (उकळत्या नव्हे) घट्ट पेजेत एक लहान चमचा पीठ ढवळा. दोन-चार मिनिटांत पाणी न घालताच ती सैल होते. मग एक उकळी काढा आणि वरून चमचाभर तेल घाला, 5 मिलीत साधारण 40 कॅलरी मिळतात.

आणि दंडघेर (दंडाचा घेर, यावरून कुपोषण कळतं) मोजाच. डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून, पट्टी न आवळता. 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहिला, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.