पावसाळ्यात नेट नसताना डॉक्युमेंटेशन: डेव्हडॉक्स, झील की आणखी काही?

सुरंगी (प्रश्न)
देवगड तालुक्यात मुलांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग आहे. १२ जुने लॅपटॉप, ७ वर उबुंटू २२.०४ आणि ५ वर विंडोज १०, रॅम सगळीकडे ४ जीबी. विषय पायथन, सी आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). मृग लागला की गणपतीपर्यंत नेटचा भरवसा नाही. फांदी पडून केबल तुटते, लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही झोपतो. त्यामुळे डॉक्युमेंटेशन मशीनवरच हवं. दुसरी अडचण जास्त छळते: मुलांना फंक्शनचं नावच ठाऊक नसतं. "यादीचे तीन-तीनचे गट पाडायचे" एवढंच माहीत. असं शोधायला कोणतं टूल बरं?

रापण
आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. डेव्हडॉक्स काय, झील काय, दोन्ही डॉक्युमेंटेशन ऑफलाइन वाचायची साधनं, पण दोघांचाही सर्च नावांच्या यादीत चालतो, पानातल्या मजकुरात नाही. झीलमध्ये "ग्रुप" टाकलंत की पायथनच्या "इटरटूल्स" मॉड्यूलचं "ग्रुपबाय" येईल, रेग्युलर एक्स्प्रेशनचं "ग्रुप" येईल. तीन-तीनचे गट पाडायला दोन्ही निरुपयोगी. "ग्रुपबाय" तर लागोपाठच्या सारख्या घटकांना एकत्र करतं, मुलं तिथेच तासभर अडकतात.

नाव माहीत असेल तेव्हा मात्र दोन्ही झकास. डेव्हडॉक्स २०१८ पासून फ्रीकोडकॅम्प सांभाळतंय, ब्राउझरमध्येच चालतं. भाषेच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबला की सर्च तेवढ्याच डॉक्युमेंटेशनपुरता होतो. पण त्याचा ऑफलाइन साठा ब्राउझरच्या पोटात असतो. म्हणजे १२ लॅपटॉपवर १२ वेळा डाउनलोड. कोणी "साइट डेटा पुसा" दाबलं, किंवा डिस्क भरत आली आणि ब्राउझरने स्वतःच जागा मोकळी केली, की सगळं गेलं. ते कळतं नेट नसलेल्या दिवशीच.

म्हणून वर्गासाठी झील. ४ जीबीत आरामात चालतं, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर. ते मॅकवरच्या डॅश या अशाच अ‍ॅपचे डॉकसेट वापरतं, आणि डॉकसेट म्हणजे डिस्कवरचा साधा फोल्डर: आत एचटीएमएल पानं आणि नावांच्या यादीची एक एसक्यूलाइट फाइल. एका मशीनवर उतरवा, बाकीच्यांवर कॉपी करा. सर्चमध्ये आधी "पायथन" आणि कोलन (:), मग शब्द, म्हणजे सी आणि पायथनची भेळ होत नाही.

पागोळी
झील ठीक आहे, पण आवृत्तीचं काय? उबुंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० येतो. झीलमधून उतरवलेला डॉकसेट त्याहून नवा असणार. त्यात "इटरटूल्स"मध्ये "बॅच्ड" सापडेल, नेमकं तीन-तीनचे गट पाडणारं! मुलगा आनंदाने इम्पोर्ट करेल आणि एरर खाईल, कारण ते ३.१२ मध्ये आलं. नोंदीखाली बारीक अक्षरात "अमुक आवृत्तीत नवीन" असं लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय पहिल्याच दिवशी लावा. डेव्हडॉक्समध्ये निदान पायथनच्या आवृत्त्या वेगळ्या निवडता येतात.

आवृत्ती कधीच न चुकणारं साधन पायथनबरोबरच येतं, ते पायडॉक. (कमांड इथे देवनागरीत, टाइप अर्थातच रोमनमध्ये.) "पायथन३ -एम पायडॉक -बी" दिलं की मोकळा पोर्ट शोधून ब्राउझर उघडतो आणि त्या मशीनवर असलेल्या मॉड्यूलचीच माहिती दाखवतो. खोच एकच: पायडॉक मॉड्यूल इम्पोर्ट करून माहिती काढतो. मुलाच्या फोल्डरमध्ये "रँडम" नावाची स्वतःची फाइल असेल तर खऱ्या "रँडम"ऐवजी तीच उघडते, आणि वरच्या पातळीवरचा कोड चालूनही जातो. रिकाम्या फोल्डरमधून चालवा.

सी साठी मॅन पेज (लिनक्सवर "मॅन" कमांडने उघडणारी मदतीची पानं) पुरे. "मॅन प्रिंटएफ" म्हटलं तर शेलची कमांड येते, सी चं फंक्शन हवं तर "मॅन ३ प्रिंटएफ". तिसरा विभाग मिळालाच नाही तर "मॅनपेजेस-डेव्ह" पॅकेज टाका. "मॅन"ला छोटा "-के" दिला की नाव आणि एका ओळीच्या वर्णनात शोध होतो, मोठ्या "के"ने सगळ्या पानांच्या मजकुरात. छोट्या "के"ला काहीच सापडेना तर "सुडो मॅनडीबी" एकदा चालवा, सूची बनलेली नसते. पोस्टग्रेसला पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) बॅकस्लॅश एच आणि कमांडचं नाव. सिंटॅक्स तिथेच, नेट लागत नाही.

सुरंगी
आभार दोघांचेही. झीलचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करायला घेतला तर संपता संपत नाही. आणि मजकुरात शोधायचा प्रश्न पायथनसाठी तसाच राहिला.

रापण
हजारो बारक्या फाइल आहेत, पेनड्राइव्हला वेळ आकारापेक्षा संख्येने लागतो. डॉकसेटची आधी एक टार फाइल (सगळ्यांचं एकच गाठोडं) करा, ती न्या, तिकडे उघडा. विंडोजवर उघडतानाही अँटिव्हायरस एकेक फाइल हुंगत बसतो, तेवढा धीर धरा.

खाडीपलीकडे
मजकुरात शोधायला फॅन्सी काही नको. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनच्या डाउनलोड पानावर ३.१० निवडा, दोन झिप घ्या: एचटीएमएल आणि साधा टेक्स्ट.

एचटीएमएलमधला सर्चबॉक्स नेट नसतानाही चालतो आणि तो पूर्ण मजकुरात शोधतो, मुलांना तोच दाखवा. फक्त फोल्डर "ऑप्ट"मध्ये किंवा टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात ठेवू नका. २२.०४ चा फायरफॉक्स स्नॅप (बंदिस्त पॅकेज) आहे, त्याला तिथलं वाचता येत नाही. होममध्ये उघडा ठेवा.

टेक्स्टच्या फोल्डरात रिपग्रेप (फाइलींच्या मजकुरात शोधणारी कमांड): "आरजी -आय -सी ३ चंक्स". यातला "सी" मोठा, वर-खाली तीन-तीन ओळी दाखवतो. "इटरटूल्स"च्या पानावर तळाशी "ग्रूपर" नावाची रेसिपी मिळेल, ३.१० वर चालणारी. यादीची लांबी तीनच्या पटीत नसेल तर शेवटचा गट ती "नन" (None, पायथनचं "काही नाही" हे मूल्य) घालून भरते, हे मुलांना आधीच सांगा. एचटीएमएलवर रिपग्रेप चालवू नका, तिथे कोडच्या रंगांसाठी प्रत्येक शब्दाभोवती टॅग असतात आणि सलग कोड जुळत नाही. टेक्स्टमध्येही ओळी मोडलेल्या असतात, म्हणून वाक्प्रचार न शोधता एकच शब्द शोधा.

पेनड्राइव्हची कटकट नको असेल तर एकाच लॅपटॉपवर त्या एचटीएमएल फोल्डरात "पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००" चालवा, बाकीच्यांनी ब्राउझरमध्ये त्याच्या आयपीवर (नेटवर्कवरचा पत्ता) जायचं. डेव्हडॉक्सही डॉकरमधून (तयार डब्यातून प्रोग्रॅम चालवायचं साधन) असंच चालतं, पोर्ट ९२९२. पण साध्या एचटीटीपीवर आयपीने उघडलं तर त्याचा ऑफलाइन साठा बसत नाही, कारण साइट ऑफलाइन चालवणारा सर्व्हिस वर्कर ब्राउझर फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच (स्वतःच्याच मशीनवर) चालू देतो. म्हणजे सर्व्हर बंद की सगळं बंद. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. इन्व्हर्टरची एक पिन राउटरसाठी राखून ठेवा.