राजीनामा दिल्यावर किती दिवस थांबलात? अनुभव लिहा

लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या दर्जा तपासणीला, सात वर्षं झाली. अपॉइंटमेंट लेटरवर नोटीस ९० दिवसांची, नवीन ठिकाणचे म्हणतात ३० दिवसांत हजर व्हा. साहेब म्हणतात ऑडिट होईपर्यंत हलायचं नाही. त्यात गणपती महिन्यावर आलेत. सल्ले घरात भरपूर मिळतायत. तुमच्या बाबतीत काय घडलं तेवढं सांगा.

चिपळूणकर
माझेही ९० च होते. शिल्लक रजा २२ दिवस त्यात वळती केली, उरलेल्याचे पैसे भरून सुटलो. कपात बेसिकवर (मूळ पगार) की ग्रॉसवर (भत्त्यांसकट पगार), हे आधी बघा. माझ्या लेटरात बेसिक लिहिलेलं, हिशेबात ग्रॉस लावलेला. झेरॉक्स पुढे ठेवली तेव्हा अकाउंट्सवाल्याने काही न बोलता आकडा खोडला.

दापोलीच्या बाई
खासगी शाळेचं गणितच निराळं. कायम शिक्षकाला ३ महिने, कायम नसेल तर १ महिना. सुट्टीत नोटीस देता येत नाही, सुट्टी तिच्यात धरताही येत नाही आणि पहिलं सत्र सुरू झाल्यावर महिनाभर पत्र देता येत नाही. मला हे कुठलं ठाऊक! लग्न ठरलं, मी मे महिन्यात पत्र देऊन मोकळी. ते परत आलं. जुलैच्या मध्याला पुन्हा दिलं, सुटका ऑक्टोबरात. नवरा पुण्यात, मी दापोलीत भाड्याच्या खोलीत, आणि सासूबाई रोज फोनवर, "अजून सोडत नाहीत का गं?" दुसऱ्या वेळी मात्र दोन प्रती काढल्या, दोन्हींवर सही-तारीख, एक रजिस्टर पोस्टाने पाठवली, दुसरी पावतीसकट अजून कपाटात आहे.

हर्णै बंदर
मी सोडणारा नाही, बोटीचा मालक, ज्याला सोडून जातात तो. आमच्यात कागद नसतो, उचल असते, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. ती फिटली की खलाशी मोकळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा कोण गेला तर कुणी तोंड वाकडं करत नाही. पण एका नोव्हेंबरात डिझेल भरलेलं, बर्फ फोडून खणात टाकलेला, आणि पहाटे बोट चालवणाऱ्या तांडेलाचा फोन लागेना. बर्फ वितळून गेला, बोट ११ दिवस आंजर्ल्याच्या खाडीत बांधून. दुसऱ्या बोटीवर जादा मिळत होते, गेला. माझी मागणी महिन्याची नाही हो. एक फेरी आधी सांगा.

मालवणातला कुक
मी २० डिसेंबराक सांगितलंय. मालकीण म्हणाली, "एकतीस तारीख होऊंदे, मगे खंय जावचा थंय जा." २ जानेवारीक सुटलंय. अनुभवपत्र बित्र काय नाय. नव्या हॉटेलात पोचलंय तर तिचो फोन माझ्या आधी थंय इलेलो, "पोरगो चांगलो आसा."

रत्नागिरी
पाच वर्षं भरत आलेल्यांनी ग्रॅच्युइटीची तारीख कॅलेंडरवर लाल करा. नोटीस काळ नोकरीतच मोजतात. मी ९० दिवसांची दिली ती शेवटचा दिवस ५ वर्षं १२ दिवसांवर पडेल अशी. एचआर एकदम प्रेमळ झाला: कशाला थांबताय, महिन्यात सोडतो. म्हटलं, नको, मला इथे करमतं.

धागाकर्ता
साहेबांनी ९० चे ५५ केले, पण गणपतीची पाच दिवसांची रजा त्यात धरणार नाहीत. म्हणजे ६०. चिपळूणकर, माझ्या लेटरातही बेसिकच निघालं. नवीन ठिकाणी शेवटी मेल टाकून विचारलं, थांबाल का? पाच मिनिटांत "चालेल" आलं. आणि मी पंधरा दिवस धड झोपलो नव्हतो.