काचेवर आपटलेला निळा पक्षी कोणता? आणि आता काचेचं काय करू? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमचं घर त्र्यंबक रस्त्याला, अंजनेरीच्या अलीकडे आहे. काल सकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात हॉलच्या काचेवर टक् असा आवाज झाला. जाऊन बघते तर पायरीवर चिमणीएवढा निळा पक्षी पंख पसरून पडलेला. डोळे अर्धवट मिटलेले, चोच उघडी, छाती भराभर वरखाली. पिठाच्या हातानेच उचलला. हातात काही आहे असं वजनच लागेना.

आई म्हणाली पाणी पाज, पण पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी घातलं तर ते श्वासनळीत जातं हे ठाऊक होतं. चपलांच्या खोक्याला भोकं पाडली, तळाशी जुनं सुती कापड घातलं आणि झाकण लावून न्हाणीघरात अंधारात ठेवला. पाऊण तासाने आत खुडबुड सुरू झाली. अंगणात झाकण उघडलं, तर क्षणभर काठावर बसला आणि थेट करंजाच्या शेंड्यावर. दुपारपर्यंत तिथेच होता, आज दिसला नाही. सकाळपासून चार वेळा बघून आले.

आधी ओळख. द्राक्षबागेत फवारायला मोरचूद भिजवतात ना, अगदी तो हिरवट निळा रंग, पाठीपोटाला एकसारखा. चोच आणि डोळा यांच्यामध्ये काळा डाग. चोचीच्या मुळाशी बारीक ताठ केस. दोन वर्षांपूर्वी उटीला शोलाच्या जंगलात गाइडने नीलगिरी फ्लायकॅचर दाखवला होता, मला तर तोच वाटला. तो इकडे येतो का?

दुसरं जास्त महत्त्वाचं. काच आठ बाय पाच फुटांची आहे. बाहेरून बघितलं की तिच्यात करंज आणि आकाश जसंच्या तसं दिसतं. दिवाळीनंतर एक बुलबुल असाच आपटला, तो गेला. त्यानंतर ससाण्याचं स्टिकर लावलं, पडदेही ओढून बघितले, तरी कालचा प्रकार झालाच. काच काढून टाकली असती, पण सासरे वर्षभर अंथरुणावर आहेत. त्यांचा सगळा दिवस त्या काचेतून डोंगर बघण्यात जातो. काहीतरी मार्ग सांगा.

प्रतिसाद १
ताई, हा नीलांग, म्हणजे व्हर्डिटर फ्लायकॅचर, आणि काळा डाग ठळक असेल तर नर. मादी फिकट, करडी झाक असलेली असते. नीलगिरीवाला त्याचा जवळचा भाऊबंद, म्हणून तुमची गल्लत अगदी साहजिक आहे. पण तो दक्षिण सह्याद्रीतलाच: नीलगिरी, पळणी, अन्नामलाई, तेही साधारण १२०० मीटरच्या वरच्या जंगलात. त्याचा निळा गडद असतो आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं असतं. नीलांग हिमालयात वीण करतो आणि हिवाळ्याला आपल्याकडे उतरतो. शेंड्यावर उघड्यावर बसायचं, हवेतला किडा टिपायचा, परत बसायचं, ही त्याची सवयच. चोचीजवळचे ते केस माशीमार मंडळींचे.
खोक्याचं तुम्ही अगदी योग्य केलंत. मात्र उडाला म्हणजे बरा झाला असं धरू नका, आतला मार कधी नंतर बाधतो. दोन दिवस झाडाखाली बघत राहा. परत सापडला आणि उडत नसेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

प्रतिसाद २
एका स्टिकरने भागत नाही, पक्षी तेवढी जागा टाळून शेजारी आपटतो. खुणा सगळ्या काचेवर हव्यात आणि बाहेरून हव्यात, आतून लावल्या तर प्रतिबिंब तसंच राहतं. दोन-दोन इंचांवर चुन्याचे ठिपके द्या, आता जूनपर्यंत पाऊस नाही, टिकतील. नाहीतर छज्जाला चार-चार इंचांवर दोऱ्या सोडा, खालपर्यंत. पाण्याचं भांडं काचेसमोर दहा-पंधरा फुटांवर असेल तर हलवा. काचेपासून तीन फुटांच्या आत ठेवलंत तर उडताना वेग येत नाही.

मूळ लेखिका
दोघांचे मनापासून आभार. भांडं बारा फुटांवरच होतं, हलवलं. दुपारी कानकाडीने अर्ध्या काचेवर ठिपके दिले आणि आत येऊन सासऱ्यांना विचारलं, डोंगर दिसतो का. दिसतो म्हणाले, ठिपके जवळ आहेत, डोंगर लांब. उरलेली अर्धी उद्या सकाळी करते. करंजाखाली आताही बघून आले, काही पडलेलं नाही.