उत्तर: उत्तर: तातडीचं – पल्लवीच्या बँकेला पत्र द्यायचंय, काय लिहू?

नितीन, मंगळवार रात्री

मंडळी, मंडळाच्या व्यवसाय-गटाच्या ईमेल-यादीवर विचारलं होतं, तिकडे कोणी फिरकत नाही. म्हणून इथे. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.

पल्लवी (आपल्या दिवाळी अंकाचं टायपिंग जिने केलं तीच) घाटंजीला बँकेत घरबांधणीचं कर्ज मागायला गेली. बँकेला सॅलरी स्लिप, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि मालकाचं पत्र हवंय. पहिल्या दोन गोष्टी नाहीत, कारण ती तिकडून माझ्या इथल्या, अमेरिकेतल्या कंपनीचं काम कॉन्ट्रॅक्टवर करते, गिऱ्हाईक इथली क्लिनिकं. महिन्याला ३८,००० रुपये बिलापोटी तिच्या खात्यात जातात. मॅनेजर म्हणाले, लेटरहेडवर 'कायम नोकरीत आहे' एवढं आणा, बाकी मी बघतो. दिलं लिहून तर काय बिघडतं? पोरगी सरळ आहे, हप्ता चुकवणार नाही.

वैशाली, मंगळवार रात्री

नितीन, थांब. सही करू नकोस.

ते पत्र बँकेच्या फाइलमध्ये राहणार. उद्या तुमचं फाटलं आणि तिने रजेचे पैसे, नोटिशीचा पगार मागितला, तर पुरावा तुझ्याच सहीचा. तिने मागू नये असं मी म्हणत नाही. पण द्यायचं तर सरळ नोकरी दे, मागच्या दाराने पत्र नको. आणि जे खरं नाही ते लिहून कर्ज काढायला मदत करणं ही बँकेची फसवणूक आहे. त्यात तुझ्याआधी तिचं नाव येईल.

शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून तिकडे चारही श्रम संहिता (नवे कामगार कायदे) लागू झाल्यात. कर्मचारी म्हटलं की नेमणूकपत्र द्यायचं, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, सोडून गेली तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता. भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवायची जुनी युक्तीही गेली, निम्म्याच्या वरचे भत्ते आता पगारातच धरतात.

मंगेश, बुधवार सकाळ

वैशालीताई, तुम्ही त पुस्तकच उघडलं बाप्पा. त्याच्याकडं तिकडं एकच पोरगी हाय. पीएफले २० लोकं लागते, ग्रॅच्युइटीले १०, ईएसआयले (कामगार विमा) १० अन् पगार २१,००० च्या आत. यातलं काहीच लागू नाही त भ्यायचं काऊन? माह्याकडं दर्यापूरचे पोरं हायेत. एकाले असंच पत्र देल्लं, मोटारसायकल भेटली त्याले. कोणी विचारलं नाही.

अन् नितीन, पोळ्याची सुट्टी देतो का नाही तिले? आमचे पोरं त्या दिवशी लॅपटॉपले हात लावत नाहीत. लावूही नये.

श्रीकांत, बुधवार सकाळ

मंगेश, आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा.

२० आणि १० ची अट पीएफ, ग्रॅच्युइटीला. किमान वेतन आणि वेळेवर पगार हे एका माणसालाही लागू आहे. आयकराला तर डोकी मोजायचीच नसतात. कर्मचारी म्हटलं की करपात्र पगारावर टीडीएस, त्यासाठी नितीनच्या कंपनीला भारतात टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागेल. पुढचा प्रश्न त्याहून मोठा. तिकडचा माणूस कंपनीच्या वतीने सर्रास करार करत असेल, तर भारत-अमेरिका कर कराराप्रमाणे कंपनीचं तिथे 'कायम ठिकाण' आहे असं धरून नफ्यातला वाटा तिथे करपात्र होऊ शकतो. निव्वळ मागच्या खोलीतलं काम (बॅक ऑफिस) असेल, तर भारताच्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीच्या खटल्यात दिलासा दिलाय. पल्लवी क्लिनिकवाल्यांशी दर ठरवते का? हे नितीनने लिहिलेलं नाही.

आता उलटी बाजू, जी कोणी बोलत नाही. पत्र दिलं नाही म्हणून ती आपोआप कॉन्ट्रॅक्टर ठरत नाही. १९५६ सालचा धरंगध्रा केमिकल वर्क्सचा निकाल बघा. मिठागरातले अगरिया, मिठाच्या वजनावर पैसे घेत, हाताखाली स्वतःचे मजूर लावत, तरी कोर्टाने त्यांना कामगार मानलं, कारण काम कसं करायचं यावर कंपनीची नजर आणि हुकूम होता. तेव्हा नितीन, सांग: वेळ कोण ठरवतं? रजा कोणाला विचारून? लॅपटॉप कोणाचा? दुसऱ्याचं काम घ्यायला ती मोकळी आहे का?

नितीन, बुधवार दुपार

दर मीच ठरवतो, ती फक्त नोंदी आणि विम्याच्या क्लेमचा पाठपुरावा करते. आपले सकाळचे नऊ ते एक तिने फोनवर असावं लागतं, म्हणजे तिकडचे संध्याकाळचे साडेसहा ते साडेदहा, आपल्या थंडीत तासभर पुढे. बाकी काम तिच्या सवडीने. रजा विचारत नाही, कळवते. लॅपटॉप तिचा. इन्व्हर्टर मी घेऊन दिलाय, कारण उन्हाळ्यात लाईन जाते ती नेमकी संध्याकाळी. दुसरं काम घ्यायला माझी ना नाही, पण तिला वेळ कुठे उरतो.

खजिनदारांनी तिला १०९९ (कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा इथला कर-फॉर्म) पाठव असं सांगितलं होतं, ते पाठवू का?

उज्ज्वला, बुधवार दुपार

मी असं काहीही सांगितलेलं नाही. १०९९ चं मी संक्रांतीच्या साऊंडवाल्याबद्दल बोलले होते, तो इथला आहे. भारतात बसून काम करणाऱ्या, अमेरिकी नसलेल्या व्यक्तीकडून डब्ल्यू-८बेन (आपण अमेरिकी नाही असं लिहून देण्याचा फॉर्म) भरून घ्यायचा आणि आपल्या फाइलला लावायचा. आयआरएसला (इथल्या कर खात्याला) पाठवायचा नसतो. सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो, मग नवा.

साऊंडवाल्याचा डब्ल्यू-९ (त्याच्या कर-क्रमांकाचा फॉर्म) मात्र अजून आलेला नाही. ज्यांनी त्याला आणलं त्यांनी तो आणून द्यावा. नाव घेत नाही.

मंगेश, बुधवार दुपार

घ्या ना नाव. म्याच आणलं होतं. लावणीच्या वक्ताले आवाज फाटला, तेव्हा कोणी विचारलं नाही अन् आता कागद पाह्यजे.

अन् इन्व्हर्टर देल्ला म्हणून कोणी मालक होते का?

वैशाली, बुधवार संध्याकाळ

नुसत्या इन्व्हर्टरने नाही होत. पण रोजचे ठरलेले तास, दरमहा ठरलेली रक्कम, एकच गिऱ्हाईक आणि वर तू दिलेलं साधन, हे सगळं एकाच पारड्यात पडतं. इन्व्हर्टर तिच्या नावावर कर, विजेचा आणि नेटचा खर्च तिने बिलात लावावा.

रात्रीचंही बघ. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. छोट्या आस्थापनांना तो पूर्ण लागू नाही आणि ती तर घरूनच काम करते, हे मला माहीत आहे. तरी लेखी विचारून ठेवायला काय जातं? तिच्या घरचे काय म्हणतात हे आपण कोणी विचारलंय का?

मंगेशभाऊ, पोळ्याचं उत्तर त्याच कायद्यात आहे. आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर पक्क्या, उरलेल्या चार मालक-कामगारांनी आपसात ठरवायच्या. पोळा त्यात खुशाल घाला.

मंगेश, बुधवार रात्री

घातला. तान्हा पोळाही घाला, लेकरं हायेत घरी. २०२४ ले पोळा अन् इथला लेबर डे एकाच सोमवारी आले होते, २ सप्टेंबरले. बैलाले सुट्टी, पोराले सुट्टी, मलेही सुट्टी. असं दरसाल पाह्यजे.

माधुरी, बुधवार रात्री

पोळ्याची चर्चा कृपया वेगळ्या विषयाखाली करा. ही यादी कार्यक्रमांसाठी आहे, व्यवसाय-गट त्याचसाठी काढला होता आणि तेव्हा सर्वांनी हात वर केले होते. इथे जे लिहिलं जातंय तो मंडळाचा सल्ला नाही, याची नोंद घ्यावी. गणपतीच्या हॉलबद्दल तीनदा विचारलं, त्याला मात्र एकाचंही उत्तर नाही.

सुधीरकाका (मुलाच्या पत्त्यावरून), गुरुवार सकाळ

चि. नितीन यास, आशीर्वाद.

माझी बँकेतली नोकरी यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण शाखांतच झाली, म्हणून लिहितो. 'बाकी मी बघतो' यात आता काही राम नाही. घरकर्जाची फाइल शाखेतून वर जाते. तिथला माणूस परदेशी लेटरहेड पाहील आणि पहिलं विचारील, पीएफ खातं कुठे आहे? मग तुझ्या पत्राचं काय करणार?

तिचा अर्ज पगारदारातून काढून स्वतंत्र व्यावसायिकात टाकायला सांग. तिथे सॅलरी स्लिप कोणी मागत नाही. दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं उत्पन्नाच्या हिशोबासह, खात्याचा उतारा, तुमचा करार आणि परदेशातून पैसे आल्याची बँकेची सूचना लागेल. विवरणपत्र भरलंय ना तिने? कर लागत नाही म्हणून आपल्याकडची पोरं भरत नाहीत आणि कर्जाच्या वेळी अडतात. जीएसटीची भीती नको, वर्षाची जमा २० लाखांच्या आत आहे.

एक मेख मात्र आहे. अकाउंटन्सीसारख्या व्यवसायाला निम्मी जमा नफा म्हणून दाखवायची सवलत असते. कराला ती फार सोयीची. पण बँक कर्जाची पात्रता काढताना तो निम्मा आकडाच उत्पन्न धरते. तिच्या सीएने काय दाखवलंय ते बघ.

आणि जागेचं काय? तुम्ही दोन दिवस पत्रावर भांडताय, फाइल अडते ती जागेपाशी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. २०२० साली स्वामित्व योजना आली, त्यात गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळतात. त्यांच्या गावाची निघाली असेल तर ती लावावी.

नितीन, गुरुवार रात्री

काका, विचारलं. विवरणपत्रं दोन वर्षांची आहेत आणि सीएने निम्माच नफा दाखवलाय. म्हणजे ३८,००० चे १९,००० धरणार. मिळकत पत्रिका निघाली आहे, पण आजोबांच्या नावाने. आजोबा गेले, वारसनोंद राहिली आहे. वडिलांना सहकर्जदार घ्यायचं म्हणतेय.

पत्राचा मसुदा असा केलाय: 'या आमच्या कंपनीला स्वतंत्र व्यावसायिक म्हणून हिशेब नोंदीची सेवा देतात. मासिक बिल ३८,००० रुपये असून आजवरची सर्व रक्कम बँकेमार्फत दिलेली आहे. कराराची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र उत्पन्नाच्या माहितीसाठी आहे, नोकरीचा दाखला नाही.' चालेल?

श्रीकांत, गुरुवार रात्री

चालेल. शेवटचं वाक्य काढू नकोस. 'पुढेही काम देत राहू' असलं काही मायेपोटी घालूही नकोस. कराराची मुदत कधी संपते? जवळ आली असेल तर आधी नूतनीकरण, मग पत्र. बँक तेच पहिलं बघेल.

वैशाली, गुरुवार रात्री

पत्राचं भागलं, पण मूळ प्रश्न तसाच आहे, नितीन. ती वर्षानुवर्षं तुझंच काम करणार असेल तर तिला नोकरीत घे. स्वतः तिकडे कंपनी काढायची गरज नाही, एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड असतात. तिकडची कंपनी कागदोपत्री मालक होते, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पीएफ सगळं तीच बघते आणि तुझ्याकडून दरमहा शुल्क घेते. पीएफ १५,००० वर धरला तरी १२ टक्क्यांनी १,८०० तिचे आणि १,८०० तुझे. बेसिक १९,००० ठेवलं तर ग्रॅच्युइटीला वर्षाचे साधारण ११,००० बाजूला टाकायचे. करार ठराविक मुदतीचा असेल तर नव्या संहितेत ती एका वर्षानंतरही देय होते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजाही आली. तिचं लग्न ठरतंय असं तूच सांगत होतास.

नितीन, शुक्रवार सकाळ

पत्र पाठवलं. नोकरीचं तिला विचारलं, तर म्हणाली, 'दादा, सगळं कापून हातात किती येईल ते आधी सांगा.' शुल्क धरून माझा खर्च बराच वाढतोय, क्लिनिकवाल्यांशी बोलून बघतो. नव्या वर्षाच्या कराराआधी ठरवावं लागेल.

मंगेश, शुक्रवार सकाळ

बेस झालं. वारसनोंदीले बापाले तलाठ्याकडं धाड म्हणा, हप्त्याभऱ्यात होते.

सुधीरकाका, शुक्रवार सकाळ

मंगेश, तलाठ्याकडे सातबाऱ्याची. मिळकत पत्रिकेवरची वारसनोंद भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात होते. वडिलांना तलाठ्याकडे पाठवू नका, हेलपाटा पडेल. आजोबांचा मृत्यूचा दाखला सोबत असू द्यावा, आणि आत्या असतील तर वारसांत त्यांचीही नावं लागतील, त्यांना आधीच फोन करून ठेवावा.