प्रतिसाद: चाळिशीनंतर नवीन काही?

वर कोणीतरी म्हटलंय की चाळिशीनंतर फील्ड बदलणं म्हणजे वेडेपणा, आणि ते खोडायला लगेच नट डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण आलं. उदाहरण बरोबरच आहे, कान-नाक-घशाचे सर्जन, आफ्रिकेतही प्रॅक्टिस केलेली, आणि १९६९ मध्ये बेचाळिशीच्या आसपास पूर्णवेळ नट झाले. पण अर्धी गोष्ट राहून जाते ना, ते काही एका रात्रीत उठून स्टेजवर गेले नव्हते, कॉलेजपासून नाटक चालूच होतं, पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं हौशी नाटकं केली, दवाखाना सांभाळून. मीही अकाउंट्सची नोकरी न सोडता शनिवार-रविवार सुतारकाम शिकतोय, पहिलं स्टूल अजून डुगडुगतं (बायको त्यावर फक्त कुंडी ठेवते), पण पगार चालू असल्यामुळे टेन्शन नाही.